बाबासाहेबांचे आचार्य : प्रा. एडविन सेलिग्मन

परमपूज्य बाबासाहेबांनी आपले तीन गुरू सांगितले : भगवान बुद्ध, संत कबीर आणि महात्मा जोतीराव फुले. हे त्यांच्या जीवनदृष्टीचे गुरू होत. त्या तिघांच्या पंक्तीला चौथे नाव बसविण्याचा आमचा मुळीच हेतू नाही. परंतु ज्यांच्या वर्गात बाबासाहेब प्रत्यक्ष बाकावर बसले, ज्यांच्यापुढे त्यांनी आपल्या लेखनाचे कच्चे कागद ठेवले आणि ज्यांनी ते कागद तपासून परत दिले, असेही काही आचार्य त्यांना लाभले. त्यांतले जॉन ड्यूई यांचे नाव आता आपल्या वाचकांना पाठ झाले आहे. प्रा. सेलिग्मन यांचे नाव मात्र चरित्रग्रंथात एखाद्या ओळीपुरते येते आणि पुढे जाते. वस्तुतः कोलंबिया विद्यापीठात बाबासाहेबांनी सर्वांत अधिक अभ्यासक्रम घेतले ते अर्थशास्त्राचे, आणि त्यांच्या पीएच. डी.च्या प्रबंधाला मार्गदर्शन लाभले ते सेलिग्मन यांचे. हा प्रबंध १९१६ मध्ये सादर झाला आणि पदवी हाती पडली १९२७ मध्ये. मधल्या अकरा वर्षांत एक महायुद्ध झाले, एक बोट बुडाली, विद्यार्थी खंड ओलांडून दोनदा गेला आणि आला. तरीही त्या प्राध्यापकाने आपल्या विद्यार्थ्याची फाईल बंद केली नाही. असा मनुष्य कोण होता, हे आपण जाणून घेतले पाहिजे.

एडविन रॉबर्ट अँडरसन सेलिग्मन यांचा जन्म २५ एप्रिल १८६१ रोजी न्यूयॉर्क येथे झाला. अमेरिकेत त्याच महिन्यात यादवी युद्धाला तोंड लागले होते. गुलामगिरी टिकवू पाहणाऱ्या दक्षिणेकडील राज्यांनी सम्टर किल्ल्यावर तोफा डागल्या. त्या किल्ल्याचा अधिकारी मेजर रॉबर्ट अँडरसन होता. त्याचेच नाव या बालकाला देण्यात आले. वडील जोसेफ सेलिग्मन हे जर्मनीतील बव्हेरिया प्रांतातून १८३७ मध्ये अमेरिकेत आलेले ज्यू. प्रारंभी पाठीवर माल घेऊन दारोदार विकणारे फेरीवाले, पुढे दुकानदार आणि शेवटी न्यूयॉर्कचे मोठे पेढीवाले. यादवी युद्धात केंद्र सरकारचे कर्जरोखे युरोपात खपविण्याचे मोठे काम त्यांच्या पेढीने केले. मुलांना घरी शिकवायला त्यांनी ठेवलेले शिक्षक म्हणजे होरेशिओ अल्जर; गरीब पोरे कष्टाने मोठी होतात अशा गोष्टी लिहून हे गृहस्थ अमेरिकेत घराघरांत पोहोचले होते.

म्हणजे घरात लक्ष्मी होती आणि सरस्वतीही होती. पण १८७७ च्या उन्हाळ्यात एक प्रसंग घडला. न्यूयॉर्क राज्यात साराटोगा नावाचे हवा खाण्याचे ठिकाण आहे. तेथील ग्रँड युनियन हॉटेलात जोसेफ सेलिग्मन कुटुंबासह उतरण्यास गेले असता, येथे ज्यू लोकांना जागा मिळणार नाही असे त्यांना सांगण्यात आले. राष्ट्राध्यक्षांच्या बैठकीत ज्याला खुर्ची मिळत होती त्याला हॉटेलात खोली मिळाली नाही! वर्तमानपत्रांतून फार गदारोळ झाला. पण हॉटेलवाला बधला नाही, आणि त्याचे पाहून इतर अनेक हॉटेलांनी व क्लबांनी तोच नियम धरला. एडविन तेव्हा सोळा वर्षांचे होते व कोलंबियात शिकत होते.

येथे एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. कोट्यधीशाला हॉटेल नाकारणे आणि अस्पृश्याच्या लेकराला शाळेतल्या माठाचे पाणी नाकारणे या दोन गोष्टी एका मापाच्या नव्हेत. जोसेफ सेलिग्मन यांच्यापाशी दुसऱ्या हॉटेलात जाण्याची ऐपत होती, हवे तर स्वतःचे हॉटेल बांधण्याची ऐपत होती. सातारच्या शाळेत घरून आणलेल्या गोणपाटावर वेगळा बसणारा भीमराव कोठे जाणार होता? तेव्हा या दोघांचे दुःख सारखे होते असे कोणी लिहील तर ते आम्हाला मान्य नाही. मात्र मनुष्याची लायकी, पैसा, विद्या, देशसेवा सारे असूनही केवळ जन्मावरून दार लावले जाते, हा अनुभव त्या घराला ठाऊक होता एवढे खरे.

योगायोग असा की त्याच साराटोगा गावी १८८५ मध्ये अमेरिकन अर्थशास्त्र परिषदेची स्थापना झाली आणि तिच्या संस्थापकांत तरुण एडविन सेलिग्मन यांचे नाव आहे. १८९० मध्ये त्याच गावी हेन्री जॉर्ज या प्रसिद्ध वक्त्याच्या जमिनीवरील एकमेव कराच्या मताविरुद्ध त्यांनी जाहीर वादविवाद केला. पुढे १९०२ ते १९०४ या काळात ते त्या परिषदेचे अध्यक्षही झाले.

अठराव्या वर्षी, १८७९ मध्ये, ते पदवीधर झाले. नंतर तीन वर्षे बर्लिन, हायडेलबर्ग, जिनिव्हा व पॅरिस येथे त्यांनी अध्ययन केले. जर्मन विद्यापीठांत त्यांनी जी पद्धत पाहिली ती त्या वेळच्या अमेरिकेला नवी होती. तेथे प्राध्यापक व्याख्यान देऊन मोकळा होत नसे. आठ-दहा प्रौढ विद्यार्थी एका टेबलाभोवती बसत, एकजण आपल्या संशोधनाचा भाग वाचून दाखवी, बाकीचे त्याची उलटतपासणी करीत आणि प्राध्यापक ऐकत ऐकत मूळ कागदपत्रांकडे बोट दाखवी. यालाच सेमिनार म्हणतात. परत येऊन सेलिग्मन यांनी कायद्याची पदवी घेतली, आणि इंग्लंडमधील मध्ययुगीन कारागीर-संघांवर प्रबंध लिहून १८८५ मध्ये पीएच. डी. मिळविली. त्याच वर्षी कोलंबियात ते शिकवू लागले आणि १९३१ मध्ये निवृत्त होईपर्यंत तेथेच राहिले. घरच्या पेढीत भाऊ होते; हे मात्र शेवटपर्यंत मास्तरच राहिले.

त्यांचा विषय राजस्व, म्हणजे सरकार कर कोणावर बसविते, तो शेवटी कोणाच्या खिशातून जातो आणि पैसा कोठे खर्च होतो याचे शास्त्र. कर भरतो एक आणि त्याचा भार सोसतो दुसराच, हे कसे घडते यावर त्यांनी १८९२ मध्ये ग्रंथ लिहिला. ज्याची ऐपत मोठी त्याने नुसता अधिक नव्हे, अधिक दराने कर द्यावा, या मताची चिकित्सा त्यांनी १८९४ च्या ग्रंथात केली. प्राप्तिकरावरील त्यांचा मोठा ग्रंथ १९११ मध्ये निघाला. अमेरिकेत प्राप्तिकर बसविण्याचा अधिकार केंद्र सरकारला देणारी सोळावी घटनादुरुस्ती फेब्रुवारी १९१३ मध्ये मंजूर झाली. या कराच्या बाजूने विद्वत्तेचे बळ उभे करणाऱ्यांत सेलिग्मन आघाडीवर होते. पेढीवाल्याच्या मुलाने श्रीमंतांवर कर बसवा म्हणून तीस वर्षे लिहावे, याची नोंद घेतली पाहिजे. त्यांचा दुसरा गाजलेला ग्रंथ इतिहासाच्या आर्थिक मीमांसेवरचा, १९०२ सालचा. त्याविषयी पुढे सांगायचे आहे.

त्यांचा आणखी एक मोठा व्याप म्हणजे कोलंबियाची प्रबंधमाला. इतिहास, अर्थशास्त्र व सार्वजनिक कायदा या विषयांवरील विद्यार्थ्यांचे प्रबंध या मालेत १८९१ पासून छापले जात, आणि तिच्या संपादनाचा भार अनेक वर्षे सेलिग्मन यांच्याकडे होता. कोलंबियात त्या काळी नियम असा होता की प्रबंध परीक्षकांना पसंत पडला म्हणजे काम संपले असे नाही. तो छापला पाहिजे, ठरलेल्या प्रती विद्यापीठात जमा केल्या पाहिजेत, तेव्हाच पदवी. नियमामागचा हेतू चांगला होता. परीक्षकाच्या कपाटात धूळ खात पडलेले लेखन जगाच्या काय उपयोगाचे? पण गरीब विद्यार्थ्याला हा नियम फाशीसारखा होता, कारण छपाईचा खर्च त्यालाच करावा लागे. बाबासाहेबांची पदवी अकरा वर्षे अडली तिचे एक कारण हेच.

या मालेतील काही ग्रंथांची नावे पाहिली म्हणजे त्या विद्यापीठाच्या दारातून कोण कोण आत येत होते ते कळते. १९११ मध्ये चेन ह्वानचांग या चिनी पंडिताचा कन्फ्यूशियस-परंपरेच्या अर्थविचारावरील प्रबंध निघाला. १९१२ मध्ये जॉर्ज हेन्स यांचा, न्यूयॉर्क शहरातील निग्रो श्रमिकांच्या स्थितीवरील. हेन्स हे स्वतः कृष्णवर्णीय, आणि कोलंबियाची पीएच. डी. मिळविणारे त्या समाजातील पहिले गृहस्थ. १९१४ मध्ये मा यिनचू या चिनी विद्यार्थ्याने न्यूयॉर्क शहराच्या वित्तव्यवस्थेवर प्रबंध पुरा केला. हेच मा पुढे पेकिंग विद्यापीठाचे अध्यक्ष झाले आणि लोकसंख्येवरील मतांपायी छळ सोसूनही त्यांनी ती मते सोडली नाहीत. बाबासाहेब जुलै १९१३ मध्ये तेथे पोहोचले ते अशा वातावरणात.

हेन्स यांच्याविषयी थोडे अधिक लिहिणे जरूर आहे. दक्षिणेतून न्यूयॉर्कला येणाऱ्या कृष्णवर्णीयांना काम, घर व शिक्षण मिळावे म्हणून १९११ मध्ये तीन संस्था एकत्र येऊन एक राष्ट्रीय संघ स्थापन झाला. नॅशनल अर्बन लीग या नावाने तो पुढे प्रसिद्धी पावला. हेन्स त्याचे पहिले कार्यवाह होते आणि पहिले अध्यक्ष होते प्रा. सेलिग्मन. म्हणजे १९१३ साली जो अस्पृश्य विद्यार्थी त्यांच्या वर्गात येऊन बसला, तो ज्या प्रकारच्या जगातून आला होता त्याची कल्पना या प्राध्यापकाला अगदीच नव्हती असे नाही. आपल्याच शहरात कातडीच्या रंगावरून घर नाकारले जाते हे त्यांना कागदोपत्री माहीत होते आणि त्याविरुद्ध त्यांनी आपले नाव लावले होते. शिवाय फेलिक्स अॅडलर यांनी स्थापिलेल्या नीतिसंस्कृती संघाचेही ते १९०८ पासून १९२१ पर्यंत अध्यक्ष होते. ईश्वर, कर्मकांड व चमत्कार यांवाचून नीतीचा पाया घालता येतो, असे मानणारा हा संघ. धम्माच्या वाचकांना हे नाते सांगावे लागू नये!

आता मुख्य विषय. बाबासाहेब बडोद्याच्या श्रीमंत सयाजीराव महाराजांची शिष्यवृत्ती घेऊन गेले होते. मुदत तीन वर्षांची. एवढ्या अवधीत त्यांनी अर्थशास्त्राचे एकोणतीस अभ्यासक्रम घेतले. शिवाय इतिहास, समाजशास्त्र, तत्त्वज्ञान, मानववंशशास्त्र, राज्यशास्त्र, आणि प्राथमिक फ्रेंच व जर्मनसुद्धा. एम. ए. साठी १९१५ मध्ये त्यांनी ईस्ट इंडिया कंपनीचा कारभार व वित्तव्यवस्था हा निबंध लिहिला. येथेच सेलिग्मन यांच्या विषयाची छाप दिसते. कंपनीने हिंदुस्थानातून किती गोळा केले, कशावर खर्च केले आणि बोजा कोणावर पडला, हे प्रश्न राजस्वाचे आहेत.

धनंजय कीर यांनी लिहिलेल्या चरित्रात एक छोटा प्रसंग नोंदलेला आहे. संशोधनासाठी कोणती पद्धत अवलंबावी, असे बाबासाहेबांनी एकदा सेलिग्मन यांना विचारले. प्राध्यापकांनी पद्धतीवर व्याख्यान दिले नाही. तळमळीने काम करीत राहा, तुमची पद्धत तुम्हाला आपोआप सापडेल, अशा अर्थाचे त्यांनी सांगितले. वरवर पाहता हे उत्तर टाळाटाळीचे वाटेल. आजकाल तर विद्यार्थी पहिल्या दिवशी प्रकरणांचा आराखडा मागतात आणि मार्गदर्शक गेल्या वर्षीच्या विद्यार्थ्याचा आराखडा तारीख बदलून त्याच्या हाती ठेवतात. पण कोणाला काय उत्तर द्यायचे हेही मार्गदर्शकाने ओळखायचे असते. जो विद्यार्थी ग्रंथालयाचे दार उघडण्यापूर्वी पायरीवर उभा असतो आणि दिवे मालवेपर्यंत उठत नाही, त्याला पद्धतीची कुबडी कशाला? त्याला साहित्य हवे, वेळ हवा, आणि लिहिलेले वाचून चूक दाखविणारा डोळा हवा. ज्याला वाचनाची सवयच नाही त्याला हेच उत्तर दिले असते तर तो बुडाला असता.

साहित्य देण्याच्या बाबतीत तर हे प्राध्यापक कुबेर होते. अर्थशास्त्राचे जुने दुर्मिळ ग्रंथ, पत्रके, कायदे, कर-अहवाल जमविण्याचा त्यांना विलक्षण छंद. जगातील अशा मोजक्या खाजगी संग्रहांत त्यांच्या संग्रहाची गणना होई. १९२९ मध्ये तो कोलंबिया विद्यापीठाने विकत घेतला. बाबासाहेबांनीही न्यूयॉर्कच्या जुन्या पुस्तकांच्या दुकानांतून पोटाला चिमटा घेऊन सुमारे दोन हजार ग्रंथ जमविले होते. ग्रंथांचे हे वेड त्यांच्या रक्तातच होते, ते सेलिग्मन यांनी लावले असे आम्ही म्हणत नाही. पण ते वेड शिरोधार्य मानणारा शिक्षक भेटणे ही भाग्याची गोष्ट.

१९१६ मध्ये बाबासाहेबांनी हिंदुस्थानच्या राष्ट्रीय उत्पन्नाच्या वाटणीचा ऐतिहासिक अभ्यास करणारा प्रबंध सादर केला व विद्यापीठाने तो स्वीकारला. त्याच वर्षी मे महिन्यात गोल्डनवायझर यांच्या सेमिनारमध्ये त्यांनी भारतातील जातींवरचा प्रसिद्ध निबंध वाचला. जूनमध्ये ते लंडनला गेले. तेथे अर्थशास्त्राच्या विद्यालयात आणि ग्रेज इनमध्ये नाव घातले. शिष्यवृत्ती संपली आणि १९१७ मध्ये परत फिरावे लागले. सामान वेगळ्या बोटीने पाठविले होते. महायुद्ध चालू होते. जर्मन पाणबुडीच्या हल्ल्यात ती बोट बुडाली. ग्रंथ गेले, आणि प्रबंधाचे हस्तलिखितही गेले. त्याच वर्षी बडोद्यात, कोलंबियाचा हा विद्वान राहायला जागा मिळत नाही म्हणून पारशाच्या धर्मशाळेत नाव लपवून राहिला आणि काठ्या घेऊन आलेल्या जमावाने त्याला बाहेर काढले. ही कथा वाचकांना ठाऊक आहे. साराटोगाच्या हॉटेलापासून बडोद्याच्या धर्मशाळेपर्यंत चाळीस वर्षांचे अंतर. मात्र बडोद्यात त्या दिवशी दुसरे दार उपलब्ध नव्हते.

पुष्कळसे संशोधक येथेच थांबतात. हस्तलिखित हरवले, नोकरी नाही, घरी माणसे खाणारी, विद्यापीठ सात समुद्रांपलीकडे. प्रबंधाचा विषय शिळा होतो, मार्गदर्शकाला विद्यार्थ्याचा चेहरा आठवेनासा होतो. सेलिग्मन यांच्या हाताखालून त्या वर्षांत कितीतरी विद्यार्थी गेले असतील. पण १९२० मध्ये बाबासाहेब साचविलेल्या पैशांवर, कोल्हापूरच्या शाहू महाराजांच्या व मित्राच्या साहाय्याने पुन्हा लंडनला पोहोचले, तेव्हा सेलिग्मन यांनी तेथील प्रा. हर्बर्ट फॉक्सवेल यांना पत्र लिहून या विद्यार्थ्याच्या संशोधनास मदत करावी अशी शिफारस केली. फॉक्सवेल हेही अर्थशास्त्राचे प्राध्यापक आणि सेलिग्मन यांच्यासारखेच जुन्या ग्रंथांचे जगप्रसिद्ध संग्राहक. म्हणजे पत्र गेले ते योग्य माणसाकडे गेले. फॉक्सवेल यांनी विद्यालयाला जे कळविले त्याचा भाव असा होता, की या गृहस्थाने आधीच डॉक्टरेटचे काम केलेले आहे, आता येथे जिंकण्यासारखे त्याच्यासाठी फारसे काही उरलेले नाही.

दीघनिकायातील सिगालोवाद सुत्तात आचार्याने अंतेवासीकरिता करावयाची पाच कर्तव्ये भगवंतांनी सांगितली आहेत. उत्तम शिक्षण द्यावे, नीट समजावे अशी व्यवस्था करावी, विद्या हातची राखून ठेवू नये, आणि आपल्या मित्रमंडळींत त्याची शिफारस करावी, सर्व दिशांना त्याचे रक्षण करावे. शिफारस हे कर्तव्य म्हणून सांगितले आहे, मेहरबानी म्हणून नव्हे. अडीच हजार वर्षांपूर्वीचा हा तपशील वाचताना सेलिग्मन यांचे ते पत्र आठवल्याशिवाय राहत नाही.

१९२२ च्या फेब्रुवारीत बाबासाहेबांनी लंडनहून सेलिग्मन यांना पत्र लिहिले. बोट बुडाल्यामुळे मूळ हस्तलिखित गेले आणि आपण नवा प्रबंध लिहिला आहे, असे त्यात कळविले. त्याच सुमारास लंडनच्या डी. एस्सी.साठी रुपयाच्या प्रश्नावरील दुसरा प्रबंध चालू होता. तेथे मार्गदर्शक होते प्रा. एडविन कॅनन. परीक्षकांनी तो प्रबंध फेरलेखनासाठी परत केला, बाबासाहेबांनी पुन्हा लिहून दिला आणि १९२३ मध्ये तो मान्य झाला. त्याच वर्षी ग्रंथ निघाला, तेव्हा कॅनन यांनी त्याला प्रस्तावना लिहिली आणि तीत आपला मतभेद स्पष्ट नोंदविला. विद्यार्थ्याशी मतभेद असूनही त्याच्या पुस्तकाला प्रस्तावना द्यायची, आणि प्रस्तावना द्यायची म्हणून मतभेद गिळायचा नाही! आमच्याकडे मार्गदर्शकाचे मत खोडले तर प्रबंधावर सही होत नाही, अशी तक्रार आजही कितीतरी विद्यार्थ्यांच्या तोंडून ऐकू येते. म्हणून हे येथे मुद्दाम लिहिले.

कोलंबियासाठीचा ग्रंथ १९२५ मध्ये लंडनच्या पी. एस. किंग आणि सन यांनी प्रसिद्ध केला : ब्रिटिश हिंदुस्थानातील प्रांतिक वित्तव्यवस्थेची उत्क्रांती. १८३३ च्या सनदी कायद्याने सर्व प्रांतांचा पैसा कलकत्त्याच्या तिजोरीत एकवटला. प्रांतांनी खर्च करायचा आणि मध्यवर्ती सरकारने भरायचे, त्यामुळे जो प्रांत जास्त आरडाओरडा करी त्याला जास्त मिळे. १८७०-७१ मध्ये लॉर्ड मेयोने ठरावीक रक्कम नेमून देण्याची पद्धत आणली. १८७७ पासून काही उत्पन्नाच्या बाबी प्रांतांकडे सोपविल्या. १८८२ पासून उत्पन्नाची विभागणी सुरू झाली, ती १९१९ च्या सुधारणा कायद्याची व्यवस्था येईपर्यंत चालली. हा सारा विकास बाबासाहेबांनी सरकारी ठराव, अंदाजपत्रके, खलिते यांतून टप्प्याटप्प्याने मांडला. हाच सेलिग्मन यांचा धडा : आधी कर कोणी घेतला, कोणाकडे गेला, कोणी खर्च केला ते आकड्यांनिशी दाखवा, मग निष्कर्ष काढा. आणि निष्कर्ष मात्र शिष्याचा स्वतःचा होता. जमीनदार, भांडवलदार व वरिष्ठ नोकरवर्ग यांना सांभाळणारे सरकार गोरगरिबांच्या हिताचे कायदे करू शकत नाही, हे त्या रूक्ष आकड्यांतून त्यांनी उघडे केले.

ग्रंथाला सेलिग्मन यांची प्रस्तावना आहे. स्थानिक व मध्यवर्ती राजस्वाचे नाते हा प्रश्न जगभर महत्त्वाचा झाला आहे आणि त्यामागील तत्त्वांचा इतका तपशीलवार अभ्यास आपल्या माहितीत दुसरीकडे झालेला नाही, असा अभिप्राय त्यांनी दिला. हा अभिप्राय देणारा मनुष्य त्या विषयातील जगातल्या दोन-चार अधिकारी पुरुषांपैकी एक होता, हे ध्यानात घेतले म्हणजे त्याचे मोल कळते. दया दाखवून पाठ थोपटणे वेगळे आणि विषयाच्या मापाने मोजणे वेगळे. अस्पृश्य असूनही विद्वान, असले हिणकस कौतुक त्या प्रस्तावनेत नाही. बाबासाहेबांनी ग्रंथ सयाजीराव महाराजांना अर्पण केला आणि सेलिग्मन यांचे ऋण प्रस्तावनेत मान्य केले. छापील प्रती कोलंबियात जमा झाल्यावर १९२७ मध्ये पदवी मिळाली. महाडच्या चवदार तळ्याचा सत्याग्रह त्याच वर्षीचा!

इतिहासाच्या आर्थिक मीमांसेबद्दल सांगायचे राहिले. सेलिग्मन यांनी त्या ग्रंथात समाजाच्या घडणीत आर्थिक कारणे मूलभूत असतात हे मान्य केले, पण तेच एकमेव कारण नव्हे आणि नैतिक प्रेरणांनाही जागा आहे, अशी मर्यादा घातली. त्यांच्या विचाराचा हात धरून चार्ल्स बिअर्ड यांनी १९१३ मध्ये अमेरिकन घटनेमागचे मालमत्तेचे हितसंबंध उघडे करणारा ग्रंथ लिहिला. बाबासाहेब त्याच वाटेने गेले नाहीत. १९३६ च्या जातिनिर्मूलनावरील भाषणात त्यांनी समाजवाद्यांना विचारले की आर्थिक हेतू हीच मनुष्याची एकमेव प्रेरणा आहे हे कशावरून. जात मोडल्याशिवाय आर्थिक क्रांतीसाठी लोक एकत्र येतील कसे? एकाच शिक्षकाच्या परिसरातून दोघे निघाले आणि दोघे दोन दिशांना गेले. शिष्य आपल्या प्रती व्हावेत असा आग्रह धरणाऱ्याच्या हातून हे घडत नाही.

तथापि सेलिग्मन यांना देव करण्याचे कारण नाही. स्टॅनफर्ड विद्यापीठाने १९०० मध्ये एडवर्ड रॉस यांना मतांपायी काढून टाकले, तेव्हा चौकशी करणाऱ्या अर्थशास्त्रज्ञांच्या समितीचे नेतृत्व त्यांनी केले. १९१५ मध्ये प्राध्यापक-संघाने अध्यापनस्वातंत्र्याची जी जाहीर भूमिका मांडली ती तयार करणाऱ्या समितीचे अध्यक्षही तेच. परंतु १९१७ मध्ये युद्धज्वर चढला आणि खुद्द कोलंबियाच्या विश्वस्तांनी युद्धविरोधी वर्तनावरून कॅटेल व डेना या प्राध्यापकांना काढून टाकले. कॅटेल यांचे प्रकरण आधीपासून अध्यापकांच्या ज्या समितीपुढे होते तिचे अध्यक्ष सेलिग्मन होते, आणि ती समिती कॅटेल यांच्या पाठीशी उभी राहिली नाही. बिअर्ड यांनी निषेध म्हणून राजीनामा दिला. सेलिग्मन यांनी दिला नाही. दूरच्या विद्यापीठातील अन्यायावर अहवाल लिहिणे सोपे, आपल्या घरच्या विश्वस्तांपुढे उभे राहणे कठीण. हा डाग त्यांच्या चरित्रावर आहे आणि तो लपवून ठेवण्यात अर्थ नाही.

निवृत्तीच्या सुमारास त्यांनी एक प्रचंड काम शिरावर घेतले. सामाजिक शास्त्रांचा पंधरा खंडांचा ज्ञानकोश १९३० ते १९३५ या काळात त्यांच्या मुख्य संपादकत्वाखाली निघाला. दैनंदिन भार आल्विन जॉन्सन यांनी वाहिला. सत्तरी ओलांडलेल्या मनुष्याने तो पुरा होताना पाहिला. १८ जुलै १९३९ रोजी न्यूयॉर्क राज्यातील लेक प्लॅसिड येथे त्यांचे निधन झाले.

बाबासाहेबांनी १९३० मध्ये कोलंबियाच्या माजी विद्यार्थ्यांच्या नियतकालिकात लिहिताना, आयुष्यातील उत्तम स्नेही आपल्याला तेथे लाभले असे सांगून ड्यूई, शॉटवेल, रॉबिन्सन यांच्यासोबत सेलिग्मन यांचे नाव घेतले होते. १९५२ च्या जून महिन्यात कोलंबियाने भारतीय संविधानाच्या शिल्पकाराला सन्मान्य एलएल. डी. पदवी दिली. ती घेण्यासाठी बाबासाहेब न्यूयॉर्कला गेले तेव्हा ड्यूई यांचे निधन होऊन अवघे चार दिवस झाले होते आणि सेलिग्मन यांना जाऊन तेरा वर्षे. सेलिग्मन यांची कागदपत्रे त्याच विद्यापीठाच्या दुर्मिळ ग्रंथ व हस्तलिखितांच्या विभागात जतन केलेली आहेत. हजारो पत्रांच्या त्या ढिगात, लंडनहून एका हिंदी विद्यार्थ्याने बुडालेल्या हस्तलिखिताची हकिकत कळविणारे पत्रही प्राध्यापकाने फेकून न देता ठेवलेले सापडते.